अँटियमची बैठक आणि सर्विलिया : रोमच्या राजकारणी घराण्यातली बाई

प्रश्न असा आहे : रोमन प्रजासत्ताकात बाईला मत नव्हतं, पद नव्हतं, सिनेटमध्ये जागा नव्हती. मग सिनेमांत आणि मालिकांत दिसतात तशा बड्या घराण्यांतल्या बायका खरोखर राजकारण करायच्या का, की त्या नुसत्या सोयरिकीपुरत्या होत्या? आणि घरात त्यांचं आयुष्य कसं असे?

मी सव्वीस वर्षं महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवते आहे. रोमचा भाग सुरू झाला की हा प्रश्न येतोच, आणि उत्तर देताना मी कायद्यापासून सुरुवात करत नाही. एका दिवसापासून करते.

८ जून, इ.स.पू. ४४. सीझरच्या खुनाला अजून तीन महिनेही झालेले नाहीत. रोमच्या दक्षिणेला समुद्रकाठी अँटियम नावाचं गाव आहे, तिथे खुनाच्या कटातले दोन प्रमुख, ब्रूटस आणि कॅसियस, येऊन राहिले आहेत, कारण रोममध्ये त्यांच्या जिवाला धोका आहे. तीनच दिवसांपूर्वी सिनेटने त्यांना एक काम नेमून दिलंय : ब्रूटसने आशिया प्रांतातून धान्य खरेदी करायचं, कॅसियसने सिसिलीतून. वरकरणी मान, पण दोघांच्या दर्जाला न शोभणारं काम. ते स्वीकारायचं की नाही, यासाठी बैठक बसली आहे. सिसेरोला मुद्दाम बोलावून घेतलंय. खोलीत कोण आहे? ब्रूटस, त्यांचा मित्र फेव्होनियस, ब्रूटसची बायको पोर्शिया, बहीण टर्टुला आणि आई सर्विलिया. कॅसियस थोडा उशिरा येतो. हा टर्टुलाचा नवरा, म्हणजे सर्विलियाचा जावई.

हे सगळं आपल्याला कळतं ते सिसेरोने मित्राला, ॲटिकसला, लिहिलेल्या पत्रातून. कॅसियस डोळे लाल करून म्हणतो, मी सिसिलीला जाणार नाही. अपमान काय उपकार समजून घेऊ? मग हातच्या गेलेल्या संधींची उजळणी सुरू होते. सिसेरो म्हणतो, झालं ते उगाळू नका, आणि लगेच स्वतःच, खुनानंतर काय करायला हवं होतं ते सांगू लागतो : सिनेट बोलवायला हवी होती, लोकांना चेतवायला हवं होतं. तेव्हा सर्विलिया मधेच म्हणते, असं बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नाही! रोमचा सगळ्यात नावाजलेला वक्ता, माजी कॉन्सल (म्हणजे रोमचं सर्वोच्च पद भूषवलेला), साठी ओलांडलेला, आणि तो गप्प बसतो. 'मी स्वतःला आवरलं,' असं तो स्वतःच लिहितो.

त्याच पत्रात पुढे एक वाक्य आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. ते धान्याचं काम सिनेटच्या ठरावातून काढून टाकायची व्यवस्था मी करते, असं सर्विलियाने सांगितलं. सिनेटमध्ये पाऊल ठेवायचा हक्क नसलेली बाई सिनेटचा ठराव बदलून आणायचा शब्द देते, आणि खोलीत कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. सिसेरोही ते जाता जाता लिहून जातो, एखाद्याने गवंड्याला सांगून भिंत दुरुस्त करून घेतो म्हणावं तसं.

हे तिला कसं शक्य होतं? थोडक्यात सांगायचं तर तिचं माहेर सुटलेलं नव्हतं, सासर जोडलं गेलं होतं, आणि दोन्हीकडचे पुरुष मरत, हद्दपार होत, हरत असताना ती टिकून होती. आता हे उलगडून सांगते.

आधी नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, कित्येक घरांत नावही बदलत असत. रोममध्ये दोन्ही होत नसे. सर्विलिया म्हणजे सर्विलियस कुळातली मुलगी. तिची दोन लग्नं झाली, दोन्ही जूनियस कुळातल्या पुरुषांशी, पण मरेपर्यंत ती सर्विलियाच राहिली. दुसरी बाजूही तितकीच खरी : मुलीला स्वतःचं असं वेगळं नावच नसे. सर्विलियाच्या तिन्ही मुलींचं नाव जूनिया. ओळखायच्या कशा, तर पहिली, दुसरी आणि तिसरी. प्रीमा, सेकुंडा, टर्शिया. अँटियमच्या खोलीतली टर्टुला म्हणजे हीच तिसरी, लाडाने. मुलाला बापाचं आणि आजाचं नाव देऊन वंशात जागा मिळे; मुलीच्या नावात फक्त कुळ आणि क्रमांक.

मग पैसा. जुन्या पद्धतीच्या लग्नात बाई नवऱ्याच्या 'मानुस'खाली जाई. मानुस म्हणजे हात. तशी ती गेली की कायद्याने नवऱ्याच्या घरात मुलीसारखी होई आणि तिचं सगळं त्याचं होई. पण सिसेरोच्या काळापर्यंत बड्या घराण्यांत ही पद्धत मागे पडली होती. मुलगी लग्नानंतरही बापाच्याच अधिकाराखाली राहायची, आणि बाप गेला की स्वतःच्या मालमत्तेची धनीण व्हायची. मोठ्या व्यवहारांना एका पालक पुरुषाची संमती लागे, पण अनुभवी आणि पैसेवाल्या बायकांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा नावापुरती उरली होती. नवरा-बायकोंनी एकमेकांना दिलेली मोठी भेट कायद्यात टिकत नसे, कारण दोन घराण्यांची मिळकत एकमेकांत मिसळू द्यायची नव्हती. हुंडा नवऱ्याकडे असे, पण काडीमोड झाला की तो बहुतांशी परत करावा लागे. बायको सोडायची तर रोख रक्कम उभी करावी लागणार, हे नवऱ्याला माहीत असे, आणि बायकोच्या माहेरालाही.

सिसेरोची बायको टेरेन्शिया हिचा हुंडा ४ लाख सेस्टर्टियस (हे रोमन नाणं) होता, शिवाय जमीनजुमला वेगळा. इ.स.पू. ५८ मध्ये सिसेरो हद्दपार झाला, त्याचं रोममधलं घर पाडलं गेलं, तेव्हा मागे राहून सगळं तिनेच सांभाळलं. आपली मिळकत विकायला ती निघाली, तर सिसेरोने परदेशातून कळवळून लिहिलं की असं करू नकोस, मुलाला मग काय उरणार? त्याच पत्रांत, तिला व्हेस्टाच्या देवळातून ओढून नेऊन सावकारांच्या पेढ्यांकडे फिरवलं गेलं हे ऐकून तो हळहळतो. नवऱ्याच्या राजकारणाची किंमत बायको अशी चुकवत होती, स्वतःच्या अंगावर.

लग्न मात्र तिच्या मर्जीने होत नसे, निदान पहिलं तरी नाही. कायद्याने मुलगी बाराव्या वर्षी लग्नायोग्य, आणि बड्या घरांत घाईच असे. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरने आपली एकुलती एक मुलगी जूलिया पॉम्पी या बड्या सेनापतीला दिली. जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जूलियाचं आधी दुसरीकडे ठरलेलं होतं, ते मोडलं. आणि तरी हा संसार प्रेमाचा झाला, इतका की पॉम्पी राजकारण सोडून बायकोबरोबर बागांमध्ये फिरतो म्हणून लोक नावं ठेवत. इ.स.पू. ५४ मध्ये ती बाळंतपणात गेली. त्यानंतर पाच वर्षांत सासरा-जावई एकमेकांवर सैन्य घेऊन उठले. युद्धाला कारणं पुष्कळ होती, पण मधला धागा तुटला हे त्या काळच्या लोकांनाही जाणवलं होतं.

त्याआधीची एक गोष्ट फार बोलकी आहे. पूर्वेकडची युद्धं जिंकून आलेल्या पॉम्पीने पहिल्यांदा सोयरीक मागितली होती ती केटोच्या, म्हणजे सर्विलियाच्या सावत्र भावाच्या, घरात. केटोच्या दोन भाच्या, एक स्वतःसाठी, एक मुलासाठी. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की घरातल्या बायका या स्थळावर खूश होत्या. केटोने नकार दिला : बायकांच्या वाटेने मी कुणाच्या हाती सापडणार नाही. पॉम्पी मग सीझरकडे वळला. तत्त्वाला धरून केटो बरोबर होता, असं आपण म्हणू शकतो. पण पुढे काय होणार हे घरातल्या बायकांना त्याच्यापेक्षा जास्त दिसत होतं, असं मला हा प्रसंग शिकवताना दर वेळी वाटतं.

मुलीचं दुसरं-तिसरं लग्न मात्र कधी कधी आईच ठरवून मोकळी होई. सिसेरो किलिकिया प्रांताचा सुभेदार म्हणून दूर असताना टेरेन्शिया आणि त्यांची मुलगी टुलिया या दोघींनी टुलियासाठी डोलाबेला हा तिसरा नवरा पक्का केला. इकडे सिसेरो ज्या आपियस क्लॉडियसची मर्जी राखायला धडपडत होता, त्याच्यावर खटला भरणारा हाच डोलाबेला. बिचाऱ्या सिसेरोला आपियसला पत्र लिहून सारवासारव करावी लागली. कायद्याने मुलीचं लग्न बापाच्या हाती, आणि बापाला बातमी कळते पत्राने!

पुढे टुलियाही बाळंतपणानंतर काही आठवड्यांत गेली, इ.स.पू. ४५ च्या फेब्रुवारीत. तिशी नुकतीच ओलांडलेली. ग्राक्कस या राजकारणी भावांची आई कॉर्नेलिया हिला बारा मुलं झाली, मोठी झाली ती तीन. या बायकांच्या राजकारणाबद्दल बोलताना हे सारखं मनात ठेवावं लागतं. प्रत्येक सोयरिकीमागे एका मुलीचा जीव टांगलेला होता.

घरातलं आयुष्य ग्रीक घरापेक्षा खूप वेगळं होतं. सिसेरोच्या काळातला चरित्रकार नेपोस अभिमानाने विचारतो की कुठल्या रोमन माणसाला बायकोला मेजवानीला न्यायची लाज वाटते? ग्रीक स्त्री घराच्या आतल्या भागात. रोमन घरधनीण घराच्या पुढच्या भागात, लोकांच्या राबत्यात. हा पुढचा भाग म्हणजे एट्रियम. छताला चौकोनी मोकळीक, खाली पावसाच्या पाण्याचा हौद. आपल्या वाड्यातला चौक आठवा, पण देवघराइतकंच महत्त्वाचं काहीतरी तिथे भिंतीशी असे : लाकडी कपाटांत ठेवलेले पूर्वजांचे मेणाचे मुखवटे. ज्यांनी मोठी पदं भूषवली त्यांचेच. घरात मृत्यू झाला की नट हे मुखवटे चढवून, त्या त्या पदाचा पोशाख घालून अंत्ययात्रेत चालत. मुलगी रोज या चेहऱ्यांसमोरून वावरत मोठी होई. स्वतःचा मुखवटा कधीच होणार नाही हे तिला माहीत असे, आणि कुठला चेहरा कुणाचा, हे मुलांना सांगणारी बहुतेक तीच असे.

सकाळी दारात भेटायला येणाऱ्यांची रांग लागे. ती नवऱ्यासाठी असे खरी, पण कुणाचं काम अडलंय, कोण कुणावर रुसलंय, हे सगळं त्या चौकात ऐकू येई. थडग्यांवर बायकांचं कौतुक कोरलेलं सापडतं ते 'घर राखलं, लोकर कातली' असं. सर्विलियासारखीच्या घरी कातायचं काम दासी करत. केस विंचरायला दासी, मुलाला पाजायला दासी, पत्र पोचवायला गुलाम. या बायकांना राजकारणाला वेळ मिळत होता तो या गुलाम माणसांच्या कष्टांवर, आणि त्यांची नावंसुद्धा क्वचितच आपल्यापर्यंत आली आहेत.

सरकारी धर्मकार्यातही त्यांचा वाटा होता. दर डिसेंबरात एखाद्या मोठ्या पदाधिकाऱ्याच्या घरी बोना डेआ देवीची रात्र होई, त्या रात्री घरात एकही पुरुष थांबत नसे. इ.स.पू. ६२ मध्ये ती सीझरच्या घरी होती. क्लॉडियस नावाचा तरुण बाईच्या वेशात शिरला. दासीने आवाजावरून ओळखलं, तेव्हा सीझरची आई ऑरेलिया हिने पूजा थांबवली, देवीच्या वस्तू झाकल्या, दारं लावून घेतली आणि दिव्याच्या उजेडात घर धुंडाळून त्याला शोधून काढलं. त्याच रात्री बायकांनी आपापल्या घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं आणि सकाळी गावभर झालं. सीझरने बायको सोडली, क्लॉडियसवर खटला चालला, सिसेरोने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि त्या वैरातूनच पुढे सिसेरोची हद्दपारी आली.

आता सर्विलियाकडे परत येते. बहुतेक लोकांना ती 'सीझरची प्रेयसी' एवढीच माहीत असते, आणि मला ते मनापासून खटकतं. संबंध होते यात शंका नाही. कॉन्सल असताना, इ.स.पू. ५९ मध्ये, सीझरने तिला ६० लाख सेस्टर्टियसचा मोती दिला असं सुएटोनियस लिहितो. म्हणजे टेरेन्शियाच्या हुंड्याच्या पंधरापट. पुढे सीझरनेच वाढवल्यानंतर शिपायाचा वर्षाचा पगार झाला ९०० सेस्टर्टियस, त्यावरून अंदाज करा. भर सिनेटमध्ये सीझरच्या हाती आलेली चिठ्ठी केटोने कटाचा पुरावा समजून मागून घेतली आणि ती निघाली स्वतःच्या सावत्र बहिणीचं, सर्विलियाचं, प्रेमपत्र, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. ब्रूटस सीझरचाच मुलगा ही अफवा मात्र सोडून द्यावी. ब्रूटस जन्मला तेव्हा सीझर पंधरा वर्षांचा होता.

पण तिचं आयुष्य सीझरपासून सुरू होत नाही. आईवडील लवकर गेले. ती वाढली मामाच्या, लिव्हियस ड्रूससच्या, घरात. ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचा निवडलेला प्रतिनिधी, असलेल्या या मामाचा इ.स.पू. ९१ मध्ये त्याच्याच घरी भोसकून खून झाला. पहिला नवरा इ.स.पू. ७७ मध्ये पॉम्पीच्या हुकमाने मारला गेला, शरण आलेला असताना. मुलगा ब्रूटस तेव्हा आठेक वर्षांचा. दुसरा नवरा सिलानस कॉन्सल झाला, तीन मुली झाल्या, मग तोही गेला. त्यानंतर तिने लग्न केलं नाही. तिन्ही जावई मात्र निवडून जोडलेले दिसतात : इसॉरिकस, लेपिडस, कॅसियस. कायद्याने आईचा मुलांवर काडीचा अधिकार नव्हता, मुलं बापाच्या कुळाची. तरी त्या घराचा कर्ता कोण होता हे अँटियमच्या पत्रात दिसतंच.

सगळं मात्र तिच्या मनासारखं झालं नाही. इ.स.पू. ४९ मध्ये ब्रूटस, बापाला मारणाऱ्या पॉम्पीच्याच बाजूने, सीझरविरुद्ध लढायला गेला. इ.स.पू. ४५ मध्ये त्याने पहिल्या बायकोला सोडून मामेबहीण पोर्शियाशी, म्हणजे केटोच्या मुलीशी, लग्न केलं. सासू-सुनेचं पटत नव्हतं, हेही सिसेरोच्या पत्रांत आलंय. आणि मग मुलाने आणि जावयाने मिळून त्या माणसाला मारलं, ज्याच्यावर तिने वीस वर्षं जीव लावला होता. त्या मार्चमध्ये तिच्या मनात काय चाललं असेल हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. तिने स्वतः लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. जूनमध्ये मात्र ती खुनी मुलाच्या बाजूला बसून त्याचा मार्ग मोकळा करताना दिसते.

पुढच्या वर्षी पेच आणखी घट्ट झाला. मुलगा आणि एक जावई पूर्वेला सैन्य जमवताहेत. दुसरा जावई लेपिडस सीझरच्या बाजूच्या अँटनीला जाऊन मिळालाय आणि सिनेटने त्याला देशाचा शत्रू ठरवलंय. तसं ठरलं की मिळकत जप्त. म्हणजे सर्विलियाची नातवंडं उघड्यावर. ती आणि मुलगी दोघी सिसेरोकडे रदबदली करतात, ब्रूटसही भाच्यांसाठी पत्र लिहितो. त्याच महिन्यात, २५ जुलै इ.स.पू. ४३ ला, सर्विलिया सिसेरोला पुन्हा बोलावून घेते. या वेळी कटातले कास्का आणि लाबिओही आहेत. ती थेट विचारते : ब्रूटसला सैन्यासह इटलीत बोलवावं, की त्याने तिकडेच थांबणं बरं? सिसेरोने बोलवा म्हटलं. ब्रूटस आला नाही. डिसेंबरात सिसेरोचं मुंडकं उडालं.

या काळात बायका उघड्यावर आल्याचा एक प्रसंग सांगायलाच हवा. इ.स.पू. ४२ मध्ये अँटनी, सीझरचा वारस ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या सत्ताधारी त्रिकुटाने १४०० श्रीमंत बायकांवर युद्धासाठी कर बसवला. बायका आधी रिवाजाप्रमाणे त्यांच्या घरच्या बायकांकडे गेल्या. ऑक्टेव्हियनच्या बहिणीने आणि अँटनीच्या आईने ऐकून घेतलं, अँटनीच्या बायकोने, फुल्व्हियाने, दारातून परत पाठवलं. तेव्हा त्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, शिरल्या आणि वक्ता हॉर्टेन्सियसची मुलगी हॉर्टेन्शिया बोलली. मुद्दा सरळ होता : पदात, सैन्यात, सत्तेत आमचा वाटा नाही, मग कर आम्ही का भरायचा? दुसऱ्या दिवशी यादी ४०० वर आली. लक्षात घ्या, घरचा दरवाजा बंद झाला म्हणून फोरम गाठावा लागला. एरवी कामं त्या घरच्या दारातूनच होत.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं : होय, त्या राजकारण करत, आणि पडद्याआडून नव्हे, समोर बसून. पण ही सत्ता माणसांतून वाहणारी होती. मुलगा, जावई, भाऊ गेला की तीही आटे. त्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत अँटनी आणि ऑक्टेव्हियनसमोर हरून ब्रूटस आणि कॅसियस दोघं संपले. अँटनीने ब्रूटसच्या अस्थी सर्विलियाकडे पाठवल्या. त्यानंतर ॲटिकसने तिला अंतर दिलं नाही, एवढी नोंद आहे. मग तिचा उल्लेख थांबतो.

टर्टुला मात्र पुढे फार वर्षं जगली. फिलिपीनंतर चौसष्टाव्या वर्षी, इ.स. २२ मध्ये, ती वारली, तेव्हा रोमवर दुसरा सम्राट तिबेरियस राज्य करत होता. तिची मिळकत मोठी होती. मृत्युपत्रात तिने रोममधल्या जवळजवळ प्रत्येक मातब्बर माणसाला आठवणीने काही ना काही ठेवलं होतं. सम्राटाचं नाव वगळून. तिबेरियसने ते मनावर घेतलं नाही, फोरममध्ये तिच्यावर भाषण होऊ दिलं. अंत्ययात्रेपुढे वीस थोर घराण्यांतले मुखवटे चालले. नवरा कॅसियस आणि भाऊ ब्रूटस यांचे त्यांत नव्हते. टॅसिटस लिहितो की सगळ्यांत तेच दोघे जास्त उठून दिसत होते, कारण त्यांचे चेहरे तिथे नव्हते.